'अनौरस' म्हणजे कसला रस? मुंबईच्या सहा खासदारांना खुले पत्र

प्रति,
मुंबई उत्तर, उत्तर-पश्चिम, ईशान्य, उत्तर-मध्य, दक्षिण-मध्य आणि दक्षिण या मतदारसंघांचे माननीय खासदार यांस,

सप्रेम नमस्कार.

माझं मत तुमच्यापैकी एकाच मतदारसंघात आहे, पण माझी लेक दोन मतदारसंघांत राहते. सोमवार ते शुक्रवार ती परळला माझ्याकडे आणि माझ्या आईकडे असते, म्हणजे दक्षिण मुंबईत. शुक्रवारी रात्री तिचा बाबा येतो, दोघं स्लो लोकल पकडतात आणि ती ईशान्य मुंबईची होते. परळपासून भांडुप नववं स्टेशन. ती बोटांवर मोजते आणि विद्याविहार दर वेळी विसरते. सोमवारी सकाळी बाबाच तिला परत आणून शाळेत सोडतो. पत्र सहाही जणांना लिहितेय, कारण मुलांच्या पालकत्वाच्या ज्या कायद्याबद्दल बोलायचं आहे तो संसदेचा आहे, आणि लग्न न केलेल्या आईबापांची असली मुलं सहाही मतदारसंघांत आहेत. वांद्र्याचं कुटुंब न्यायालय ज्यांच्या मतदारसंघात येतं त्या उत्तर-मध्यच्या खासदारांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचावं.

आमचं लग्न झालेलं नव्हतं. नऊ वर्षं एकत्र राहिलो, मुलगी झाली, मग पटेना म्हणून वेगळे झालो. लग्न का केलं नाही हे दोघांच्या आयांनी विचारून झालं आहे. त्यांना दिलं तेवढं उत्तर पुरे.

आता विषयावर येते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६. कलम ६. लग्नाच्या नवराबायकोचं मूल असेल तर त्याचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सहसा आईकडे. लग्नाशिवाय झालेलं, कायद्याच्या भाषेत 'अनौरस', मूल असेल तर आई, आणि तिच्यानंतर बाप. म्हणजे लग्न केलं तर आई दुसरी, नाही केलं तर बाप दुसरा. कुणीतरी दुसरं असलंच पाहिजे, हा हट्ट दोन्हीकडे आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, कायदा तर तुमच्या बाजूनं आहे, मग रडता कशाला? बरोबर आहे. माझ्याच बाजूनं आहे, म्हणूनच लिहितेय. त्याच्या बाजूनं कुणी लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, स्वतःच्या सोयीचं बोलतोय.

गेल्या वर्षी या कायद्याची मराठी प्रत छापून आणली होती. जेवणाच्या टेबलावर पडलेली. लेक तेव्हा दुसरीत, जोडाक्षरं नुकती सुटलेली, त्यामुळे दुकानांच्या पाट्यांपासून औषधाच्या खोक्यांपर्यंत दिसेल ते मोठ्यानं वाचायचा सपाटा. त्या कागदावर बोट ठेवून तिनं वाचलं, 'अ-नौ-रस'. मग मला विचारलं, "आई, अनौरस म्हणजे कसला रस? अननसाचा?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रात्री शब्दकोश काढला. औरस हा शब्द उरस् वरून आलेला, उरस् म्हणजे छाती, ऊर. धर्मशास्त्रात बारा प्रकारचे पुत्र सांगितलेत, त्यात औरस पहिल्या मानाचा. कुमारिकेचा मुलगा तो कानीन, कर्णासारखा. बारातले बहुतेक शब्द आता परीक्षेपुरते उरलेत, दत्तक आणि औरस तेवढे कायद्यात टिकले. आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. मुलगी चार महिन्यांची असताना तिला पोटदुखी असायची, रात्री एक ते तीन नुसता आकांत. मी लॅबमध्ये टेक्निशियन, सकाळची पाळी सातची. तो प्रेसमध्ये दुसऱ्या पाळीला, घरी यायचा बाराला. रात्र त्याची असायची. उघड्या छातीवर तिला पालथी घालून तो खोलीभर फेऱ्या मारायचा, भांडुपच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत फेरी म्हणजे सात पावलं. ती त्याच्या छातीवरच झोपायला शिकली. आता उराचा अर्थ छाती असेल, तर ही मुलगी अनौरस कुठल्या हिशेबानं?

दुसरा शब्द ताबा. फ्लॅटचा ताबा, गाडीचा ताबा, गाळ्याचा ताबा. परळला निम्म्या इमारती पुनर्विकासात आहेत, त्यामुळे आमच्याकडे हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो, 'बिल्डर ताबा कधी देणार?' तोच शब्द वकिलांच्या केबिनमध्ये मुलाला लावतात. मुलाला तरी निदान दुसरा शब्द शोधा. पण शब्दांचं जाऊ दे, शब्द बदलून सुटण्यातलं हे नाही.

पुढचं सांगायला जड जातं. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. त्याला तिला महिनाभर गावी न्यायचं होतं, गुहागरकडे, त्याच्या आईकडे. मला पंधरा दिवसांच्या वर द्यायची नव्हती. त्यात रास्त कारण काही नव्हतं, तेव्हा आम्ही एकमेकांशी जिंकायला बोलत होतो एवढंच. मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, "ताई, तुमचं काम सरळ आहे. लग्न नाही, जन्मदाखल्यावर बापाचं नाव नाही. तुम्ही एकट्याच नैसर्गिक पालक. त्याला पाहिजे तर करू दे अर्ज."

मी त्या शनिवारी भांडुपला गेले आणि दारात उभी राहून म्हणाले, "कायद्यानं ती माझी आहे. तुझी नाही."

तो काही बोलला नाही. तिच्या बॅगेत पाण्याची बाटली घातली, शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट घातलं, चेन लावली. ती चेन नेहमी अडकते, त्यानं दोनदा मागे घेऊन नीट लावली. मुलगी त्याच्या मागे उभी होती. तिनं ऐकलं होतं. नंतर तीन शुक्रवार तो आला नाही. माझ्याच वाक्याचा अर्थ त्यानं घेतला होता, येऊन करू काय? पोरगी तिन्ही शुक्रवारी बॅग भरून, सँडल घालून, सात वाजल्यापासून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. तिसऱ्या शुक्रवारी मीच त्याला फोन केला.

हा गुन्हा माझा, कायद्याचा नाही, हे मला कळतं. पण ते वाक्य माझ्या तोंडी आयतं घातलं ते १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मधल्या त्या खंडानं. नवराबायको भांडतात तेव्हाही एकमेकांना वाट्टेल ते बोलतात, पण 'ती तुझी नाहीच' हे कुणाला छापील पुरावा दाखवून म्हणता येत नाही.

जन्मदाखल्यावर त्याचं नाव का नाही, तेही ऐका. २०१७ साली आम्ही दोघं पालिकेच्या एका विभाग कार्यालयात नोंदणीला गेलो होतो. खिडकीवरच्या माणसानं लग्नाचा दाखला मागितला. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग बापाचा रकाना कोरा ठेवा, नंतर बघू. बाप समोर उभा, सही करायला तयार, खिशाला पेन. 'नंतर' काही आलं नाही. आम्हीही हलगर्जीपणा केला, वेगळं व्हायचं थोडंच ठरवलं होतं! पुढे आधारवरही नुसतं माझंच नाव लागलं.

त्याचा हिशेब चुकता झाला गेल्या पावसाळ्यात. शनिवार, भांडुपला सोसायटीच्या जिन्यावर ती घसरली, डावं कोपर. जवळच्या एका खासगी रुग्णालयात त्यानं उचलून नेली. एक्स-रे झाला, हात झोळीत बांधला, दुखायचं इंजेक्शनही दिलं, त्यांनी तेवढं सगळं केलं. पण हाड भूल देऊन बसवायचं होतं आणि संमतीपत्रावर सही हवी होती. काउंटरवरच्या मुलीनं आधार पाहिलं, त्याचं आडनाव वेगळं. "आपण कोण?" "बाप." "कागद आहे का काही?" मी तेव्हा दादरला बाजारात होते. तिथून पोचायला एक तास वीस मिनिटं लागली, कारण कुर्ल्याजवळ पाणी भरून गाड्या रखडल्या होत्या. मी पोचले तेव्हा लेक त्याच्या मांडीवर, रडून थकलेली, आणि तो काउंटरकडे पाठ करून बसलेला. मी फॉर्मवर सही केली. त्या मुलीनं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे मात्र कुणी कागद मागितला नाही.

वकिली भाषेत सांगायचं तर बापाला रस्ता आहे. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात पालकत्व, ताबा आणि भेट हे विषय कुटुंब न्यायालयाकडे दिलेत, तिथे आईबापांचं लग्न झालेलं असण्याची अट नाही. वांद्र्याला अर्ज करायचा, समुपदेशकांसमोर बसायचं, आणि न्यायाधीश शेवटी मुलाचं हित बघतात. १९५६ च्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सर्वांत वर. १८९० चा कायदा तर म्हणतो, मूल समजतं असेल तर त्याचं मतही विचारात घेता येईल. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात स्पष्ट म्हटलंय की आई आणि बाप दोघांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. हे सगळं खरं. पण अर्ज त्यालाच करावा लागतो. लग्नाच्या बापाला जे न मागता मिळतं, ते याला कोर्टाची पायरी चढून मागावं लागतं. प्रेसमधला माणूस खाडा धरून किती वेळा वांद्र्याला जाईल?

पैशाच्या बाबतीत मात्र कायद्याची नजर एकदम साफ. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ घ्या नाही तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ घ्या, औरस असो की अनौरस, मुलाचा खर्च बापानं द्यायचा. ते योग्यच आहे, माझी त्याला काही हरकत नाही. एवढंच दिसतं की खिशात हात घालताना तो पहिल्या दिवसापासून बाप असतो, आणि सही करताना आईच्या 'नंतर'.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर पत्र खोटं होईल.

माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणारी एक बाई आहे. चौथ्या महिन्यात तिचा माणूस गेला. नंबर बदलला, खोली बदलली. मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर तिनं खर्चासाठी अर्ज केला, तर महिन्याभरात हा हजर, 'मला मुलगा पाहिजे' म्हणत. सहा वर्षांत एक लस टोचून आणली नव्हती. तिच्यासाठी कलम ६ चा तोच खंड देवासारखा धावून आला. आणि ६ जुलै २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही. दिल्लीतल्या एका अविवाहित आईला स्वतःच्या बचतीवर आणि विम्यावर मुलाचं नाव लावायचं होतं. तिला सांगितलं गेलं, बापाचं नाव सांग नाही तर पालकत्वाचा दाखला आण. दाखल्यासाठी अर्ज केला तर बापाला नोटीस काढायला हवी म्हणाले. नाव सांगायला ती तयार नव्हती, खालच्या कोर्टानं आणि उच्च न्यायालयानं तिला परत पाठवलं. न्यायमूर्ती विक्रमजित सेन यांच्या खंडपीठानं तिचं ऐकलं, बापाला नोटीस न काढता तिला पालक नेमता येईल म्हणून सांगितलं, आणि अशा आईनं नुसतं शपथपत्र दिलं तरी मुलाचा जन्मदाखला द्या असंही बजावलं. पासपोर्टलाही २०१६ च्या डिसेंबरपासून एकाच पालकाचं नाव पुरतं. हे सगळं तसंच राहिलं पाहिजे. माझ्या या मैत्रिणीच्या हातातलं काही काढून माझ्या मुलीच्या बाबाला द्या, असं मी मागत नाही. तसं कुणी विधेयक आणलं तर विरोध करायला मी पहिली येईन.

अडचण एवढीच आहे की कायद्याला हे दोन पुरुष सारखेच दिसतात. छातीवर घेऊन सात पावलांच्या फेऱ्या मारणारा आणि नंबर बदलून पळालेला. दोघांनाही तो एकच प्रश्न विचारतो, लग्न झालं होतं का? दोघं म्हणतात, नाही. झाला निकाल.

मला वाटतं प्रश्न वेगळा विचारावा. जन्माच्या वेळी आई आणि बाप दोघांनी येऊन सही केली, तर बापाचं नाव लागावं आणि त्या नावाबरोबर पालकत्वही यावं, दोघांचं बरोबरीनं. लग्नाचा दाखला मागायचा नाही. आईनं सही द्यायची नाही म्हटलं, तर आज आहे तसंच, आई एकटी. मग बापाला वाटलं तर त्यानं कोर्टात येऊन दाखवावं की त्यानं मूल वाढवलंय, नुसता रक्ताचा रिपोर्ट पुरायचा नाही. (लॅबवाली असून सांगतेय, रिपोर्टनं जन्मदाता कळतो, बाप कळत नाही.) जिथे मारहाण आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आदेश झालाय, तिथे हे लागू नको. कसं लिहायचं ते तुमच्याकडचे जाणकार बघतील.

हे काही जगावेगळं नाही. १८९० चा कायदा आपल्याला इंग्रजांनी दिला, तो आपण अजून वापरतो. त्यांनी स्वतःकडे मात्र बदल केला. इंग्लंडमध्ये १ डिसेंबर २००३ पासून, लग्न नसलं तरी, बापानं आईबरोबर जन्मनोंदणीत नाव लावलं की त्याला पालक म्हणून अधिकार आणि जबाबदारी दोन्ही मिळतात. आपल्याकडेही हालचाल अगदीच नाही असं नाही. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, बापाच्या 'नंतर' आई म्हणजे बाप मेल्यावर नव्हे, बाप लक्ष देत नसेल, नसल्यासारखा असेल तरी आई, असा अर्थ लावला. विधी आयोगानं मे २०१५ मधल्या २५७ व्या अहवालात लग्नाच्या मुलांबाबत बापाचा वरचढपणा काढा आणि सामायिक ताब्याची सोय करा असं सुचवलं. त्या अहवालाला दहा वर्षं उलटून गेली. आपल्या राज्यानं तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम लावला. चांगलं केलं. पण माझ्यासारखीच्या घरी त्या नावातली मधली जागा भरायला माणूस असूनही रिकामी राहते, त्याचं काय?

अशानं लिव्ह-इनला उत्तेजन मिळेल, असं कुणीतरी म्हणेलच. माझ्या मुलीला कुठल्याच गोष्टीचं उत्तेजन नको आहे, तिला गुहागरला जायचं आहे. उत्तराखंडनं समान नागरी कायद्यात लिव्ह-इनमधून झालेलं मूल औरस धरलंय. नात्याच्या सक्तीच्या नोंदणीबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी. पण मुलाला बोल लावायचा नाही, एवढं त्यांनाही पटलं म्हणायचं.

आमचं आता बरं चाललंय. एका वहीच्या कागदावर आम्ही दोघांनी लिहून सह्या केल्यात. शुक्रवार ते सोमवार त्याच्याकडे, गणपती एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे, मे महिन्यात तीन आठवडे गाव, दवाखान्याचं जो जवळ असेल त्यानं बघायचं. त्या कागदाला दवाखान्यात कुणी विचारणार नाही हे दोघांना माहीत आहे. आणि उद्या मी रस्ता ओलांडताना गेले किंवा माझं डोकं पुन्हा फिरलं, तर तो कागद नुसता वहीचा कागद आहे.

शाळेत तिला दोन वेण्या लागतात, काळ्या रिबिनी. बाकीचे चार दिवस माझी आई घालते, चोपून तेल लावून. सोमवारच्या बाबा घालतो. त्यानं मोबाइलवर बघून शिकून घेतलंय, पण डावी वेणी कानावर येते आणि उजवी मानेवर. मध्यंतरी पालकसभेत वर्गशिक्षिका हसून म्हणाल्या, "सोमवारी आम्हाला कळतं हं, ही कुणाच्या घरून आली." मग जरा थांबून विचारलं, "रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव नाही, ते राहिलंय का?"

राहिलंय, म्हटलं.

लोकसभेत खासदारांची खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारनंतर घेतात असं वाचलंय. शुक्रवार आमच्याकडे बॅग भरायचा दिवस असतो. तुमच्यापैकी कुणी एकानं जरी हा विषय मांडला तर मला कळवा, मी त्या दिवशी दुपारी सुटी टाकून बघत बसेन.

आपली,
परळची एक मतदार